‘ॲग्रिगेशन रूल’ला काय म्हणाल? गोळाबेरीज चालेल का?

ऐरोलीची पाटी
मंडळी, अडलंय. एका बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते आहे. धंद्याचे आकडे ओतायचे आणि तक्ते, आलेख काढायचे, त्यातलं. बाकीच्या स्क्रीन झाल्या, एका खिडकीपाशी चार दिवस बसले आहे. नाव ‘ॲग्रिगेशन रूल’. आकड्यांच्या प्रत्येक स्तंभासाठी तिथे ठरवायचं असतं की पुष्कळ ओळी एका ओळीत आल्या की त्या आकड्याचं काय करायचं: बेरीज, सरासरी, सर्वांत लहान, सर्वांत मोठा, मोजणी, एकदाच मोजणी, शेवटचा, किंवा काहीच नाही.

मी ‘एकत्रीकरण नियम’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी शेरा मारला, ‘हे जमिनीचं वाटतं’. त्याआधी भाषांतराच्या यंत्राने काय दिलं होतं ते सांगायला नको. बरं, सांगतेच. ‘खडीचे नियम’.

मला स्वतःला ‘गोळाबेरीज’ आवडतंय, पण धीर होत नाही. बटणावर जागा पंधरा-सोळा अक्षरांची.

तुर्भे नाका
खडीला हसू नका. आमचे वडील इकडच्या दगडखाणीवर मुकादम होते. चलनावर ‘२० एमएम ॲग्रिगेट’ लिहिलेलं असायचं आणि तोंडाने सगळे खडी म्हणायचे. मला या शब्दाचा पहिला अर्थ तोच माहीत. दुसरा, एकूण टक्क्यांचा, कॉलेजात कळला, ‘ॲग्रिगेट किती पडलं?’ तेव्हा माझं इतकं कमी होतं की घरी सांगितलं असतं तर वडिलांनी खाणीवरच नेलं असतं.

सजा कार्यालय
शेरा मारणारे गृहस्थ आमच्या महसूल खात्यातले असावेत. १९४७ च्या कायद्याचं नावच तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचं. गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातून. खेड्यातल्या माणसाला ‘एकत्रीकरण’ म्हटलं की पहिल्यांदा बांध आठवतो, मग भाऊ.

रोजकीर्द
ताई, शब्द तयार आहे. गोषवारा. मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर तीस वर्षं वह्या लिहिल्या. रोज संध्याकाळी शिल्लक गोणी मोजून लिहायच्या, महिन्याचा गोषवारा काढायचा.

आमच्या शेठच्या मुलाने हौसेने संगणक आणला. पहिल्याच महिन्याला कागद निघाला: शिल्लक ९००० गोणी. गाळ्यात चारशे मावत नाहीत! शेठ म्हणाले, कुणीतरी चोरून माल ठेवतोय. खरं काय झालं होतं, रोजच्या तीनशे गोणी त्या यंत्राने तीस दिवस एकमेकींवर रचल्या. विक्रीची बेरीज होते हो, आज दहा विकल्या, उद्या दहा विकल्या, वीस झाल्या. शिल्लक तशी नसते. काल पडून होती तीच गोणी आज पडून असते. दोन गाळे असतील तर त्यांची बेरीज करा, दिवसांची करू नका. दिवसांपुरती महिनाअखेरची तेवढी घ्या.

यावरून तुमच्या यादीतल्या ‘शेवटचा’ला ‘अखेर’ लिहा. मार्चअखेर, सालअखेर, कुणालाही कळतं. ‘शेवटचा’ म्हटलं की रांगेत उभा असलेला वाटतो.

कासारवडवली
काकांनी गाळ्यावर बसून जे सांगितलं त्याला आमच्या धंद्यात मोठं नाव आहे आणि मुलाखतीत विचारतात. ओरॅकलच्या बीआयमध्ये एकाच मापाला, म्हणजे आकड्यांच्या स्तंभाला, दोन दिशांनी दोन वेगळ्या रीती लावता येतात, काळाच्या बाजूने अखेर, बाकी सगळीकडे बेरीज. तिथे कोणती रीत आधी लावायची याचाही क्रम द्यावा लागतो. क्रम चुकला की उत्तर चुकतं, आणि उत्तर चुकलंय हे कळतही नाही, कारण आकडा दिसायला शहाणा असतो.

तुमच्या गोणींइतका वेडा आकडा आला तर नशीब. मी शिकवताना मोरबे धरण घेतो, नवी मुंबईकरांच्या नळातलंच. भरलं की पातळी ८८ मीटर. महिनाभर भरलेलं राहिलं आणि रीत ‘बेरीज’ असली तर पातळी २६४० मीटर. कळसूबाई १६४६ मीटर. पोरं हसतात आणि मग लक्षात ठेवतात.

जाता जाता, या दिशेला, म्हणजे ‘डायमेन्शन’ला, सगळे ‘मिती’ लिहितात. जुन्या पत्रांत मिती म्हणजे तिथी. तेव्हा ‘काळाची मिती’ म्हणजे तारखेची तारीख.

शुद्धमती
गोषवारा फारसी आहे. आपल्याकडे शब्द नाहीत का? ‘संकलन’ घ्या. नाहीतर ‘समुच्चयन’. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर दिले, तेव्हाही लोकांना जड वाटलेच असतील. आज सगळे वापरतात.

कोपरी पूल
बातमीत महापौर. टपरीवर मेयर.

कासारवडवली
समुच्चय तेवढा नको. हिंदी गणितात तो ‘सेट’साठी आहे, आपण शाळेपासून ‘संच’ शिकलो. समुच्चयन वाचून मला हिंदीचं पुस्तक उघडल्यासारखं होतं.

ऐरोलीची पाटी
‘संकलन’ मी आधीच खर्चून बसले आहे. मागच्या स्क्रीनवर माहिती गोळा करण्याला तेच लिहिलंय. शिवाय सिनेमावाल्यांचंही संकलन आहेच, आणि ते कापाकापीचं.

शुद्धमती
मग तुम्ही चुकीच्या जागी खर्च केलात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संकलित-व्यवकलित म्हणजे बेरीज-वजाबाकी. शब्दाचा मूळ हक्क तिथला.

रोजकीर्द
मूळ हक्क काढायला बसलात तर बेरीजही फारसी आणि वजाबाकीही. गुणाकार आणि भागाकार तेवढे संस्कृत. मास्तरांनी चारही एकाच फळ्यावर शिकवली, आम्हाला कुठे टाका दिसला नाही. गोषवारा म्हणजे मुळात कानातला डूल. तपशिलाच्या मोठ्या कागदाला खाली लोंबणारी छोटी बेरीज. (हे शेवटचं माझं. डूल खरा आहे, लोंबणं मी लावलं.) जुन्या दप्तरात याच कामाला ‘तेरीज’ही आहे. तेरीज-बेरीज अशी जोडीच चालायची.

घोडबंदरची
तेरीज किती गोड आहे! ताई, तेरीज घ्या.

ऐरोलीची पाटी
घेईन, पण मग प्रत्येक बटणाखाली रोजकीर्दकाकांना बसवावं लागेल, अर्थ सांगायला.

गोळाबेरजेबद्दल कुणी बोलतच नाहीये.

सजा कार्यालय
बोलतो. गोळाबेरीज नको. ती निवडणुकीची असते, जातींची, मतांची. तीत ‘साधारण धरून चाला’ असा वास आहे. शिवाय ‘गोळाबेरजेची रीत: सरासरी’ हे कसं वाचायचं? बेरजेचा एक प्रकार सरासरी? आम्ही पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं ते, लावायचो. ५० पैशांच्या वर की खाली यावर अख्ख्या गावाचं दुष्काळाचं ठरायचं. चार गावांच्या पैसेवारीची बेरीज करून १ रुपया ८० पैसे आले, असं कुणी म्हणालं असतं तर तहसीलदारांनी त्याला पाणी पाजलं असतं आणि घरी पाठवलं असतं.

घोडबंदरची
सरासरीवर विश्वास ठेवू नका हो. मी आमच्या सोसायटीची चिटणीस. पाच रो-हाउस आणि शंभर फ्लॅट. रो-हाउसवाल्यांपैकी चौघांनी मेंटेनन्स भरला, म्हणजे ८० टक्के. फ्लॅटवाल्यांपैकी वीस जणांनी, २० टक्के. खजिनदारांनी दोन्हींची सरासरी काढून सभेत सांगितलं, ‘निम्मी वसुली झाली.’ टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात १०५ पैकी २४, चोवीस! तेवीस टक्क्यांच्या आत. टक्क्यांची सरासरी काढायचीच नसते, वरच्या बेरजेला खालच्या बेरजेने भागायचं असतं. हे मी उभं राहून सांगितलं तर म्हणाले, ‘वहिनी, चहा आलाय.’

कासारवडवली
वहिनी, हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे, आणि याला यादीतली कुठलीच रीत पुरत नाही. तिथे सूत्र लिहावं लागतं. आधी दोन्ही बेरजा, मग भागाकार.

ऐरोलीची पाटी
छान. आता शेवटच्या पर्यायाकडे वळू या का? ‘काहीच नाही’. पॉवर बीआयमध्ये आकड्यांच्या स्तंभापुढे ती सिग्माची खूण येते ना, तसंच इथेही आहे. आकडा दिसला की बेरीज, मग तो आकडा कशाचा का असेना. नमुना म्हणून मी स्वतः तक्ता केला, वर्ष, वॉर्ड, तक्रारी. तळाला आलं ‘एकूण वर्ष: ६०६९’. २०२२, २०२३, २०२४ ची बेरीज! पिनकोडांचीही झाली असती, मी नीट वेळेवर थांबले. अशा स्तंभाला सांगायचं असतं की तू आकडा दिसतोस पण आहेस नाव. त्याला काय लिहू? ‘सारांश करू नका’ असं सध्या आहे. वाचलं की बोर्डाच्या पेपरातली सूचना वाटते.

रोजकीर्द
‘बेरजेत धरू नये’. वहीत असंच लिहायचो आम्ही.

शुद्धमती
‘निर्गोषवारा’ लिहा की. सगळीकडे तेच चाललंय.

कोपरी पूल
मी वाचतोय मघापासून. माझं वागळे इस्टेटला छोटं दुकान आहे, स्पेअर पार्टचं. माझ्याकडे हे सॉफ्टवेअर आलं तर मी माझ्या पोराला काय सांगेन? ‘याची टोटल मार, त्याची नको मारू.’ ते लिहा. ‘टोटल कशी?’ अक्षरं मोजा, बसतं. कोण गोषवारा काढतो आता.

शुद्धमती
मग मराठीकरण करायचंच कशाला? इंग्रजी राहू द्या.

कोपरी पूल
टोटल मराठीच आहे. इंग्रजाला ‘टोटल मार’ म्हणून बघा, पळेल.

सजा कार्यालय
यांच्या म्हणण्यात दम आहे. ‘नियम’ हा शब्दही मला जड वाटतो. कासारवडवलीकर मघापासून ‘रीत’ म्हणताहेत ते बरोबर. शाळेत ‘रीत लिहा, नुसतं उत्तर नको’ असायचं. नियम मोडतात, रीत निवडतात.

ऐरोलीची पाटी
‘रीत’ घेतली. हे पहिलं काम झालं आज. आता कशाची रीत? ‘गोषवारा रीत’ की ‘एकूण रीत’ की…

घोडबंदरची
टोटलवरून आठवलं, ‘टोटल लागत नाही’ हे कुठून आलं असेल? म्हणजे काही उमगत नाही, या अर्थी. आमच्या सासूबाई चिपळूणच्या, त्या कधीच नाही म्हणत. ‘मेळ लागत नाही’ म्हणतात. मुंबईचंच आहे का हे?

रोजकीर्द
दुकानातलंच असणार. रात्री गल्ला आणि वही जुळली नाही की टोटल लागत नाही. मग घरी जायचं नाही, शोधत बसायचं. माझी एकदा ९ रुपयांनी लागेना. नऊने भाग जाणारा फरक म्हणजे आकडे उलटेपालटे लिहिलेत, हा आमचा ताळा. ५४ चे ४५ केले होते मीच.

तुर्भे नाका
‘टोटल लागणे’ खाणीवरही होतं! तिथे टोटल ब्रासमध्ये. शंभर घनफुटांची एक ब्रास. ट्रक आला की मुकादम दोरी टाकून माप घ्यायचा आणि चालकाचं भांडण व्हायचं, खडी वाटेत हादऱ्यांनी बसली म्हणून.

ऐरोलीची पाटी
मला उद्या सकाळी फाइल द्यायची आहे हो.

कासारवडवली
द्या. ‘गोषवारा रीत’, आणि पहिल्यांदा बोट ठेवलं की ‘टोटल कशी?’ असं खाली दिसू द्या.

शुद्धमती
दोन्ही माझ्या मनाविरुद्ध, हे नोंदवून ठेवा.

सजा कार्यालय
पण ती ब्रास. पितळेचा काय संबंध? वाळूच्या लिलावात आयुष्यभर लिहिली, कधी विचारलं नाही कुणाला.

तुर्भे नाका
वडील म्हणायचे, मोजायची पेटी पितळेची असायची म्हणून. पण वडील काहीही म्हणायचे.