दोन लेकरं झाली म्हणून पिशवी काढून टाकायची?

अवनी_पुणे: माझी धाकटी जाऊ ३६ वर्षांची, तालुक्याच्या गावी राहते. वर्षभर तिला पाळीत फार अंगावरून जायचं, दहा-दहा दिवस थांबायचं नाही. तिथल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी केली, रिपोर्टात 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी मोठी दिसतेय, एवढेच दोन शब्द. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनाने पिशवीचं चित्र काढलं, त्यावर फुली मारली आणि म्हणाले दोन लेकरं झाली, आता हिचं काय काम, ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. सोमवारची तारीख पण दिली, सासूबाईंनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली. रविवारी रात्री तिचा फोन, ताई मला लई भीती वाटतीय. मी तिला इकडे घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं तर टीएसएच १८, म्हणजे थायरॉइड! पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, तो नॉर्मल. थायरॉइडची गोळी आणि लोहाच्या गोळ्या, सहा महिन्यांत पाळी जागेवर आली.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. माझं म्हणणं सरळ आहे, चाळिशीच्या आत, कॅन्सर नसेल तर, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पिशवी काढूच नये. बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं होतं, आणि त्यानंतर पाळी जाईपर्यंतची पंधरा-वीस वर्षं तिच्याकडे बघतं कोण?

सायली_ठाणे: तुमच्या जाऊबाई वाचल्या, चांगलं झालं. पण असे धागे वाचूनच मी चार वर्षं अंगावर काढली हो. मला अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत वाढतं. ऑफिसला काळी ओढणी रोज बॅगेत, मीटिंगमधून उठताना आधी खुर्चीकडे बघायचं मग लोकांकडे. हिमोग्लोबिन ६.८ झालं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. मिरेना, म्हणजे पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, बसवली, ती चार महिन्यांत आपोआप बाहेर आली. तरी आई, सासू, मैत्रिणी सगळ्यांचं एकच, पिशवी काढू नकोस, बाई खचते त्याने. ४३ व्या वर्षी काढली, अंडाशय ठेवले. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मी जिना न थांबता चढले तेव्हा मधल्या पायरीवर बसून रडले. "काढूच नये" हा शब्द मागे घ्या, प्लीज. ज्यांना खरंच गरज आहे त्या अपराधी वाटून घेत बसतात.

अवनी_पुणे: सायली, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याकडे आधी औषधं झाली, मिरेना झाली, मग ऑपरेशन, आणि वय ४३. मी तेच तर म्हणतेय. माझ्या जावेला पहिल्याच भेटीत तारीख दिली.

सायली_ठाणे: वय ३५ असतं तर मी अजून पाच वर्षं रक्त घालवत बसायचं होतं का? वयाची रेघ मारू नका. आधी काय काय करून पाहिलं ते विचारा.

गोदाकाठची_आशा: मी बीडच्या धारूर तालुक्यात आशा सेविका आहे. दोघी ताईंचं वाचलं. आमच्याकडं हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, एक दिवस कामाला नाही गेलं की खाडा, तो उचलीतून कापला जातो. पहाटे चारला फडात, दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायची. कोपीत, म्हणजे पालाच्या झोपडीत, ना संडास ना मोरी, कपडा बदलायला आडोसा नाही, तोच कपडा दिवसभर, त्यातून इन्फेक्शन, पांढरं जाणं, पोटात दुखणं. बाळंत होऊन दीड महिन्यात फडात गेलेल्या बाया मी बघितल्यात. अशी बाई ३० व्या वर्षी स्वतः म्हणते, एकदाची काढा ती पिशवी, कटकट जाऊ द्या. तिला अडाणी म्हणू नका. तिनं हिशोब केलेला असतो. तुम्ही म्हणता दुसरं मत घ्या, दुसऱ्या मताला जायचं म्हणजे आणखी एक खाडा.

गरोदर बाईसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी असते, कार्ड असतं, नोंद असते, मी घरी जाऊन बोलावून आणते. ४० वर्षांच्या बाईसाठी कुठली तारीख आहे? माझ्या वहीत तिचा रकानाच नाही.

अवनी_पुणे: ताई, अडाणी मी कुणालाच म्हटलं नाही. पण आडोसा नाही आणि खाडा कापतात म्हणून तिनं अवयव काढून द्यायचा, याला तिचा निर्णय कसं म्हणू? हे तिच्याकडून करून घेतलेलंच आहे.

गोदाकाठची_आशा: ते मला पण पटतं. फक्त ऑपरेशन बंद करा म्हटल्यानं भागत नाही. २०१९ नंतर आमच्या जिल्ह्यात सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली, तर आमच्या दोघी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन करून आल्या. दुखणं तसंच होतं ना.

डॉ_शमा: मी २२ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय, छोट्या गावात. सगळे डॉक्टर पैशासाठी कापतात असा सूर लागायच्या आत थोडं बोलते. पेशंट येते तीच म्हणते मॅडम काढून टाका, मी गोळ्या लिहून देते, ती परत येत नाही, आणि दोन महिन्यांनी दुसरीकडे ऑपरेशन झालेलं कळतं. हे आमच्या रोजच्या ओपीडीतलं आहे. पण फुली मारून कॅन्सरची भीती घालणं हे चूकच आहे, त्यात दुमत नाही. पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा इन्फेक्शन, ते गोळ्यांनी बरं होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यासाठी लस आहे, तपासणी आहे. त्या भीतीपोटी चांगली पिशवी काढायची नसते. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. पण बायोप्सीची सोय ४० किलोमीटरवर असेल तर मी कागदावरची सूचना पाळू कशी, तेही सांगा.

निशिगंध_७४: डॉक्टर, मला एक विचारायचंय. माझी पिशवी ३१ व्या वर्षी काढली, सोबत दोन्ही अंडाशय पण काढले हे मला आठ वर्षांनी, जुनी फाइल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली तेव्हा कळलं. ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरातच अंगातून वाफा निघायच्या, रात्री उशी ओली, कुणावरही ओरडायचे, घरात म्हणायचे हिचं डोकं फिरलंय. ४४ व्या वर्षी मोरीत नुसता पाय घसरला तर मनगट मोडलं. पाळी गेल्यावरचं हे सगळं मला ३१ लाच सुरू झालं होतं का?

डॉ_शमा: हो ताई. दोन्ही अंडाशय काढले की पाळी गेल्यासारखंच होतं, तेही एका दिवसात, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. इतक्या कमी वयात काढले असतील तर काही अडचण नसल्यास नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात, हाडांसाठी. तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आता हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी बघा.

मिलिंद_सांगली: पुरुष म्हणून बोलावं की नाही कळत नव्हतं. माझ्या आईची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. ५८ व्या वर्षी थोडं थोडं लाल दिसायला लागलं, तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही, मला तर नाहीच. वहिनीला मोरीत कपडा दिसला म्हणून कळलं. अस्तराचा कॅन्सर. "डॉक्टर उगाच पिशवी काढतात" हे वाक्य आमच्याही घरात होतं आणि आईनं त्याचाच आधार घेतला. अवनीताई, तुमच्या धाग्याचं शीर्षक माझ्या आईनं वाचलं असतं तर ती अजून चार महिने गप्प बसली असती. म्हणून माझा विरोध.

डॉ_शमा: मिलिंद, हे सगळ्यांनी वाचावं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी लगेच तपासायचं, तिथे थांबायचं नसतं.

अवनी_पुणे: मिलिंददादा, खरंय. "काढूच नये" हे शब्द मी मागे घेते, सायलीचंही ऐकायला हवं होतं. तपासल्याशिवाय काढू नये आणि तपासायला उशीरही करू नये, असं म्हणते. फुली मारणाऱ्याबद्दलचा राग मात्र कमी होणार नाही.

गोदाकाठची_आशा: माझ्याकडं टोळी जायच्या आत तीन बाया आहेत, एक २९ ची. मंगळवारी तिघींना ग्रामीण रुग्णालयात नेते, थायरॉइडचं रक्त पण घ्या म्हणून सांगणार आहे, हे मला आजच कळलं. तिसरीला मोठी गाठ आहे, तिचं ऑपरेशन बहुतेक लागेल, पण ती लई घाबरलीय, काढल्यावर मी बाई राहीन का म्हणते. सायलीताई, तुम्ही तिच्याशी फोनवर बोलाल का?

सायली_ठाणे: बोलेन की. रात्री आठनंतर कधीही, नंबर मेसेज करते. तिला म्हणावं टाके कसे दुखतात इथपासून सगळं विचार, लाजू नको.