कावळ्यांचा रातथारा: हिवाळ्यात भरगच्च, मेमध्ये निम्मा का?

खाडीकाठ: ठाण्यात खाडीजवळच्या रेन ट्रीवर नोव्हेंबरपासून तिन्हीसांजेला कावळ्यांचे थवेच्या थवे रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या सामूहिक मुक्कामाला, उतरतात. मेमध्ये निम्मेही नसतात. जातात कुठे? आणि मोजायचे कसे? खाली घाण होते म्हणून सोसायटी झाड छाटायला निघाली आहे, त्याआधी नोंद हवी.

राखीमान: जात कुठेच नाहीत, घरट्यापाशी असतात. गावकावळ्याची (राखाडी मानेचा) वीण आपल्याकडे साधारण एप्रिल ते जुलै. विणीतले बरेच पक्षी रात्रीही घरट्यापाशीच राहतात. मेमध्ये रातथाऱ्यावर दिसतात ते बहुतेक वीण न करणारे, कमी वयाचे पक्षी. पावसाळा सरताना मोठे कावळे परततात, सोबत त्या वर्षीची पिल्लंही येतात, म्हणून हिवाळ्यात गर्दी. डोमकावळ्याची (पूर्ण काळा) वीण मात्र भर हिवाळ्यातच सुरू होते. दोन्ही जाती एकाच आकड्यात घातल्या तर हंगामाचा फरक कळणारच नाही.

सांजनोंद: झाडाखाली उभं राहून मोजू नका, पानांत निम्मे दिसत नाहीत. आधी एक संध्याकाळ फक्त येण्याच्या दिशा पाहा, मग प्रत्येक दिशेला एक माणूस. सूर्यास्ताआधी दीड तास ते नंतर अर्धा तास, पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांत. मोठा थवा दहा-दहाच्या गटांनी मोजा. ढगाळ संध्याकाळी कावळे लवकर येतात, तेव्हा आधीच पोहोचा.

खरी चूक होते ती अलीकडच्या थांब्यावर. कावळे थेट झाडावर येत नाहीत. गच्च्या, टॉवर, मोकळी मैदानं इथे जमतात, उठतात, घिरट्या घालून पुन्हा बसतात, आणि तेच पक्षी दोनदा मोजले जातात. झाडाजवळची एक रेघ ठरवा, रस्ता किंवा कुंपण. ती ओलांडून आत गेलेले मिळवा, बाहेर आलेले वजा करा. पहाटेच्या मोजणीवर विसंबू नका, उजाडायच्या आत घोळकेच्या घोळके एकदम उठतात.

राखीमान: छाटणीने कावळे शेजारच्या झाडावर सरकतील, घाण तिथे होईल. शिवाय शहरी हद्दीत राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यापेक्षा गाड्या हलवा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्या धुळीतून बुरशीचे कण फुप्फुसात जाऊ शकतात. आधी पाणी मारा, मास्क लावा, मग खरवडा. एकाच वेळी बरेच कावळे मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. जानेवारी 2021 मध्ये राज्यात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता.