मदत हवी आहे : ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता

भावाची चाकणच्या कारखान्यातली नोकरी गेली, महिना उलटून गेलाय. पगार २१ हजारांच्या आत, ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी सलग दोन वर्षं कापली जात होती. ईएसआयसीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. हा लाभ आयुष्यात एकदाच, म्हणून अर्ज फेटाळला जायला नको. आधार, बँक खातं जोडलेलं आहे. अडचण एकच : खरं तर नोकरकपात असताना कंपनीने सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले आणि नोंदही तशीच केली. एचआर आता फोन उचलत नाही, ईमेललाही उत्तर नाही. नोकरकपातीचा व्हॉट्सॲप मेसेज मात्र जपून ठेवलाय. अशा नोंदीवर कुणाचा दावा मंजूर झालाय का? शाखा कार्यालयात सोबत नेमकं काय जोडलंत?