शोरूम, कॉलनीतला मिस्त्री, की स्वतःच पाना हातात घ्यायचा?

मेहरूणकाठ (जळगाव)
मंडळी सल्ला द्या. पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं झाली, ३८ हजार किमी. एक्स्टेंडेड वॉरंटी अजून एक वर्ष बाकी. सर्व्हिसचं शोरूमवाल्यांनी एस्टिमेट काढलं ११,४००. कॉलनीच्या तोंडाशी मिस्त्री आहे, तो म्हणतो भाऊ साडेचारमधे ऑईल, तिन्ही फिल्टर, ब्रेकची साफसफाई सगळं करून देतो, डबे तुमच्यासमोर फोडतो. आणि तिसरीकडे मेव्हणा मागे लागलाय की रविवारी व्हिडिओ लावून आपणच करू. बायको म्हणते त्याला गाडीला हात लावू देऊ नका. भाऊ तिचाच आहे, म्हणजे बघा.

पांझराकाठी (धुळे)
मिस्त्री. विषय संपला. फुकटन्या तीन सर्व्हिसी व्हयन्यात, मंग मी शोरूमनं तोंडच दखं नही. १२ वरीस व्हयनात गाडीले.

केळीबाग (रावेर)
पांझराभाऊ तुमच्या गाडीला आता वॉरंटीच नाही तर तुम्हाला काय फरक पडतो? माझं ऐका. मीपण असाच शहाणपणा केला, मधली एक सर्व्हिस गावातल्या गॅरेजात उरकली, तीन हजार वाचले म्हणून खुश. आठ महिन्यांनी पॉवर स्टेअरिंगची मोटर गेली, एक्स्टेंडेड वॉरंटी होती पण सर्व्हिस हिस्टरीत खाडा दिसला आणि क्लेम नाकारला. तीन हजार वाचवले अन् पस्तीस घातले. वॉरंटी आहे तोवर गुपचूप शोरूम.

पांझराकाठी (धुळे)
असं नाकारता येत नाही भो. २०१४ मधे कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, याच कारणासाठी. पार्ट बाहेर विकत नाहीत, बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द म्हणतात. ऑर्डरमधे सरळ लिहिलंय, बाहेरच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारायची, सरसकट नाही. ऑईल बदलल्याने स्टेअरिंगची मोटर जळते का?

केळीबाग (रावेर)
ऑर्डर बरोबर आहे, पण कंपन्या लगेच अपिलात गेल्या. आणि काउंटरवरच्या पोराला मी आयोगाची ऑर्डर वाचून दाखवू का ग्राहक मंचात तारखा घेत बसू? केळीची कटाई सोडून?

स्टेरिंगवाली (अमळनेर)
मेहरूणभाऊ आधी त्या ११,४०० मधे काय काय आहे ते टाका. मी नेहमी ओळ न् ओळ विचारते.
आणि एक सांगते, गॅरेजचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात. मी गाडी घेऊन गेले की मिस्त्री म्हणणार "ताई, साहेबांना पाठवा ना". गाडी माझी, हप्ता माझा, साहेबांना गिअर न्यूट्रल कुठं असतो ते सांगावं लागतं. शोरूममधे निदान जॉबकार्ड माझ्या नावाने निघतं आणि जुने पार्ट मागितले की पिशवीत घालून देतात.

मेहरूणकाठ (जळगाव)
ऑईल, फिल्टर, लेबर, वर १८ टक्के जीएसटी धरून ५,३०० च्या आसपास. बाकी थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, अलाइनमेंट.

स्टेरिंगवाली (अमळनेर)
झालं! मॅन्युअल उघडा, ३८ हजाराला त्यात इंजिन फ्लश लिहिलंय का बघा. नसेल तर पेनाने काट मारा आणि मग सही करा. अलाइनमेंट ठेवा, आपले रस्ते बघता.

गॅरेजवाला (चोपडा)
मी स्वतः गॅरेज चालवतो, १९ वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. साडेचारमधे सगळं ओरिजनल होऊ शकतं पण मिस्त्री ऑईल कुठलं टाकतो ते विचारा. आजकालच्या पेट्रोल गाड्यांना पातळ ऑईल लागतं, ०डब्ल्यू-२० वगैरे, आणि आमच्यातले बरेच जण अजून एकच ड्रम आणतात आणि मारुती असो बोलेरो असो त्यातूनच ओततात. दुसरं कूलंट. हे मी पोटतिडकीने सांगतो, आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो आणि लोक रेडिएटरमधे बोअरचं पाणी टाकून घेतात, क्षार बसतात, आतून नळ्या बंद होतात, मग कन्नड घाट चढताना काटा वर गेला की मला फोन. कूलंट उशिरा उकळतं आणि आत गंज धरू देत नाही, ते काही फक्त थंडीसाठी नसतं. पण गिऱ्हाईकच म्हणतं "कशाले टाकता, पाणी टाका ना". आता मी काय करू? चारशे रुपयांसाठी भांडू?
आणि खरं बोलायचं तर बीएस ६ डिझेल माझ्याकडे आणूच नका. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट लागला तर त्याला कंपनीचा स्कॅनर पाहिजे, माझ्याकडचा साधा आहे, कोड वाचतो फक्त. जो मिस्त्री म्हणतो डीपीएफ काढून टाकू, त्याच्यापासून लांब राहा.

पांझराकाठी (धुळे)
घ्या, आमचाच माणूस फुटला 😄

भुसावळकर काका
मी रेल्वेत लोको शेडमधे होतो, आता रिटायर. गाडीचं ऑईल सहा वर्षं मीच बदलतो. तीन-साडेतीन लिटर ऑईल, फिल्टर, ड्रेन प्लगचं नवीन वॉशर, बस. दीड हजार ते दोन हजारात काम. पण व्हिडिओत एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. गाडीसोबत मिळतो तो जॅक टायर बदलायला आहे, त्याच्यावर गाडी ठेवून खाली घुसायचं नाही म्हणजे नाही. आमच्या शेडमधे नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली गेला असता तर फोरमनने त्याला घरी पाठवला असता. स्टँड घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, जमीन पक्की पाहिजे, काळ्या मातीत स्टँड रुततो. प्लग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येतं त्या पान्याने, घट्ट करा. ताकद दाखवली की ऑईल पॅनचे आटे जातात, त्याची किंमत मग सर्व्हिसपेक्षा जास्त.
ब्रेक, एअरबॅग, एसीचा गॅस याला मी हात लावत नाही.

केळीबाग (रावेर)
आणि काळं ऑईल काय करता काका? नाल्यात?

भुसावळकर काका
नाही हो. कॅनमधे भरून ओळखीच्या गॅरेजला देतो, त्यांच्याकडून रिसायकलवाला नेतो. अर्धा लिटर शेजारी मागून नेतो गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, त्याला किती समजावलं तरी ऐकत नाही.

केळीबाग (रावेर)
तरी माझं म्हणणं तेच. काकांचे हात शेडमधे तयार झालेत. मेव्हण्याचे कुठं झालेत?

मेहरूणकाठ (जळगाव)
सगळ्यांचे आभार. वॉरंटी आहे तोवर शोरूमच ठरवलं, पण फ्लश, कोटिंग, थ्रॉटल, एसीचं सगळं काट मारून.
मेव्हण्याची हौस म्हणून काल त्याला फक्त केबिन फिल्टर काढू दिला. ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, ना जॅक ना पाना, पाच मिनिटांचं काम. काढला तर जाळीत कडुलिंबाचा पाला, धूळ आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस, अख्खी वात होईल एवढा. आणि मागच्या वर्षीच्या शोरूमच्या बिलात "केबिन फिल्टर रिप्लेस्ड", पैसे लावून.

स्टेरिंगवाली (अमळनेर)
फोटो काढला का? बिल आणि फोटो घेऊन सर्व्हिस मॅनेजरसमोर बसा, अ‍ॅडव्हायझरशी बोलूच नका.

केळीबाग (रावेर)
एका वर्षात एवढा कचरा जमू शकतो हां आपल्याकडे. गाडी झाडाखाली लावता का?

मेहरूणकाठ (जळगाव)
झाडाखालीच लावतो. पण फिल्टरवर कारखान्याची छापलेली तारीख आहे. गाडी घेतली त्याच्या दोन महिने आधीची.

पांझराकाठी (धुळे)
मेव्हण्याला पार्टी द्या.