६६ची जीटीओ: सोवळ्यात ठेवायची की रस्त्यावर आणायची?

मिशिगनकर
दोन वर्षं झाली, माझ्या गॅरेजमध्ये १९६६ची पाँटियाक जीटीओ (जनरल मोटर्सच्या पाँटियाक ब्रँडची दणकट इंजिनाची गाडी) सुटी होऊन पडली आहे. बॉडी चेसिसवरून उतरवली आहे, इंजिन स्टँडवर आहे आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी: 'डावं दार, वरची बिजागरी'. बायको म्हणते, डबे परत मिळाले तरी खूप झालं.

गाडीचा चेसिस नंबर २४२ने सुरू होतो. ६४-६५ साली जीटीओ म्हणजे टेम्पेस्ट ल मान्सवर घ्यायचं ऑप्शन पॅकेज होतं, त्यामुळे त्या गाड्यांच्या नंबरावरून अस्सल कुठली नि बनवलेली कुठली ते कळत नाही. ६६ला ते स्वतंत्र मॉडेल झालं, त्याचाच हा २४२. नंबरात पुढे 'पी' आहे, म्हणजे गाडी इथे मिशिगनमधल्या पाँटियाक शहरातच बनली. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर! पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कंपनीचं जुनं रेकॉर्ड मागवलं: बॅरियर ब्लू रंग, ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन, चार बॅरलचा एक कार्ब्युरेटर, चार गिअर. मधल्या कुणा मालकाने तिला लाल फासली.

माझं ठरत आलंय, कारखान्यातून निघाली तशीच करायची. रंग, पट्टे, होजचे क्लॅम्प, लाल रेघेचे रेडलाइन टायर, सगळं. मित्र म्हणतात वेडा आहेस. तुमचं काय म्हणणं?

बाराचा पाना
वेडा नाहीस, पण ब्रेकचं काय? ६६च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम. डिस्क ऑप्शनमध्येसुद्धा नव्हते, ते ६७ला आले. त्याहून वाईट म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोचवणारा) सिंगल सर्किटचा. भांडं एक, लाइन एक. कुठेही नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ३३५ हॉर्सपॉवरच्या गाडीला!

अनुभवाने बोलतोय. माझ्या जुन्या गाडीची मागची नळी गंजून सिग्नलला फुटली. पेडल दाबलं आणि ते चिखलात पाय जावा तसं थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढून पुढच्या पिकअपच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. पिकअपमध्ये मागे दोन कुत्री होती, ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. ती नजर अजून आठवते.

६७ला ड्युअल सर्किट आलं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या लाइन. कारखान्याने स्वतः सोडून दिलेली गोष्ट तू हौसेने परत बसवतोयस.

तिखटमीठ
पाना, घाबरवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण ही घसरगुंडी मी पाहिली आहे. आधी 'फक्त' मास्टर सिलिंडर, मग डिस्क, डिस्कवर चौदा इंची चाकं बसत नाहीत म्हणून सतरा इंची, आणि शेवटी हुडखाली जनरल मोटर्सचं आजच्या जमान्यातलं एलएस इंजिन. मग जीटीओ म्हणायला फक्त पत्रा उरतो. तशा गाड्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या फेरीला डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ढिगाने दिसतात. छान असतात, पण एकीचा फोटो दुसरीच्या नावाने खपेल.

अस्सल गाडी म्हणजे दस्तऐवज. ब्लॉकवर डिस्ट्रिब्युटरजवळ ओतकामाची तारीख असते: अक्षर म्हणजे महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ती तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची हवी. कधीकधी लोक कोड असलेली जागा घासून सपाट करतात आणि हवे ते आकडे नव्याने ठोकतात. अशा बाजारात एखाद्याने खरं ते खरं ठेवलं तर त्याला वेडा का म्हणायचं?

मिशिगनकर
तिखटमीठ, अगदी हेच. मागच्या महिन्यात फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) साफ करत होतो. तेल आणि धुळीचा काळा थर रॉकेल लावून चिंधीने पुसत होतो, तर खालून पिवळ्या खडूची तिरकी रेघ निघाली. लाइनवरच्या कुणीतरी 'तपासलं' म्हणून ओढलेली असणार. पुढे चिंधी चालवायचा धीर झाला नाही. त्या माणसाचं नाव नाही, गाव नाही, पण हात दिसतो.

नोव्हीची मावशी
मी गाडीच्या कारखान्यात रंगविभागात एकवीस वर्षं काढली आहेत, म्हणून तोंड उघडते. तुम्ही सगळे 'कारखान्यासारखी' म्हणता, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कुठला कारखाना असतो? त्या काळी जीएम, म्हणजे जनरल मोटर्स, ॲक्रिलिक लॅकर मारायची. मग बॉडी भट्टीत तापवायची, की रंग वितळून स्वतःच सपाट व्हायचा. बाहेरून चकचकीत, पण दाराच्या चौकटीत आणि हुडखाली बघा: कुठे रंग पातळ, कुठे संत्र्याच्या सालीसारखा, कुठे ओघळ. पत्र्यांमधल्या फटी एका बाजूला बोट जाईल एवढ्या, दुसरीकडे नखही जाणार नाही.

हल्ली 'फॅक्टरी करेक्ट' म्हणून ज्या गाड्या उभ्या असतात त्यांच्या फटी फुटपट्टीने आखल्यासारख्या आणि वर क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, काच. अशी गाडी पाँटियाकच्या लाइनवरून एकही निघाली नसेल. मिशिगनकर, तुम्ही फट वाकडी ठेवणार का? ओघळ सोडणार का? नसाल, तर ती तुमच्या कल्पनेतली ६६ आहे.

तिखटमीठ
मावशी, मुद्दा शंभर टक्के मान्य, निष्कर्ष अमान्य. प्रदर्शनातले कसलेले परीक्षक जास्तीच्या चकाकीचेही गुण कापतात. नोव्हेंबरात शिकागोजवळ रोझमाँटला मसल कारचं (जीटीओसारख्या दणकट इंजिनाच्या गाड्यांचं) मोठं प्रदर्शन भरतं, तिथे लोक गुडघ्यावर बसून, टॉर्च घेऊन चेसिसवर उडालेला रंग, ओव्हरस्प्रे, बघतात. ओघळ होता तर ओघळ हवा.

नोव्हीची मावशी
ओघळ मुद्दाम काढायचा? आमच्याकडे ओघळ आला की सुपरवायझरची बोलणी खायला लागायची, आणि आता त्याला गुण!

मधला गिअर
सोवळंओवळं चाललंय ते ठीक, पण गाडी कुणाची आहे ते तरी आठवा. जीटीओ जन्मलीच नियम वाकवून. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जीएमचा हुकूम होता. पाँटियाकचा चीफ इंजिनिअर जॉन डीलॉरियन आणि मंडळींनी पळवाट काढली: नियम मॉडेलला आहे ना, मग ३८९ ऑप्शन म्हणून देऊ. गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतली. ६६ साली ९६,९४६ गाड्या खपल्या.

त्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा किती दिवस राहिल्या? रॉयल ओकमधला रॉयल पाँटियाक हा डीलर तर 'बॉबकॅट' किट बसवून द्यायचा: पातळ हेड गॅस्केट, कार्ब्युरेटरला मोठे जेट, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स बदललेला, म्हणजे गाडी आणखी जोरात. ६४ साली एका मासिकाने फेरारीच्या जीटीओचं नाव पुढे करून जिचं कौतुक केलं, त्या गाडीत ३८९च्या जागी ४२१ इंजिन होतं. हे पुढे जिम वँगर्सनेच कबूल केलं, आणि तो पाँटियाकच्या जाहिरातीचा माणूस! ज्या गाडीने नाव कमावलं तीच फॅक्टरी करेक्ट नव्हती. मग तुम्ही कुठला दिवस गोठवणार? लाइनवरून उतरली तो, की पोराने शनिवारी रात्री वुडवर्डवर पळवली तो?

सदाशिव पेठ
पुण्यातून एक शंका. कॉम्प्रेशन १०.७५ : १, आणि पेट्रोल त्या काळचं शिसंवालं. आज तुमच्याकडे पंपावर ते नाही, वर दहा टक्के इथेनॉल, जे जुने रबरी होज खातं. म्हणजे टाकीतलं द्रव्य तरी 'करेक्ट' कुठून आणणार? (ब्रेकबद्दल पानासाहेबांशी सहमत. आमच्याकडे जुन्या जीपवर हेच वाद होतात, फक्त शिव्या जास्त.)

मिशिगनकर
पेट्रोलचं उत्तर सोपं आहे: ९३ ऑक्टेन भरायचं, इग्निशनचं टायमिंग जरा मागे घ्यायचं आणि होज इथेनॉल सोसणारे लावायचे. बाहेरून छपाई जुन्यासारखी, आतलं रबर आजचं. हे मी केव्हाच मान्य केलं होतं. मग ब्रेकच्या बाबतीत का अडून बसलो होतो, ते मलाच सांगता येत नाही.

तर ६७चा ड्युअल मास्टर सिलिंडर मागवला. फायरवॉलला भोक पाडावं लागत नाही, नळ्या थोड्या बदलायच्या. ड्रम तसेच राहतील, डिस्क नाही. तिखटमीठ, घसरगुंडीच्या पहिल्याच पायरीला कठडा बांधलाय. रंग बॅरियर ब्लू, मावशींच्या धाकाने क्लिअर कोटशिवाय. डाव्या दाराची फट होती तशीच वाकडी ठेवतोय. ओघळ मुद्दाम काढणार नाही, माझ्या हाताने आपोआप येतील. मधला गिअर, बॉबकॅटचं पुढच्या हिवाळ्यात बघू, बायकोला सांगू नका.

जुना सिलिंडर साफ करून, तेल लावून डब्यात ठेवला आहे. वर चिठ्ठी: 'मूळचा. प्रदर्शनापुरता. हा लावून हायवेवर जाऊ नये.'

बाराचा पाना
चिठ्ठी इंग्रजीतही लिही रे बाबा. पुढचा मालक श्रीखंड समजून उघडेल.