नेपाळ २०१३: निवडणूक घेण्यासाठी सरन्यायाधीशांच्या हाती सरकार का द्यावे लागले?

अभ्यासगटातील एक

नमस्कार. आमच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासगटात सध्या शेजारी देशांतील संक्रमणकाळातील सरकारांवर वाचन चालू आहे आणि नेपाळपाशी येऊन मी अडकले आहे. पहिली संविधान सभा मे २०१२ मध्ये संविधान न देताच संपली, माओवादी पक्षाचे पंतप्रधान बाबुराम भट्टराई यांनी जाहीर केलेली २२ नोव्हेंबर २०१२ ची निवडणूक झालीच नाही, आणि १४ मार्च २०१३ रोजी सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांच्या नेतृत्वाखाली निवडणुकीपुरते सरकार आले, इथपर्यंतचा घटनाक्रम समजतो. समजत नाही ते असे, की एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेले चार पक्ष (माओवादी, नेपाळी काँग्रेस, एमाले हा दुसरा कम्युनिस्ट पक्ष आणि तराईतील मधेशी पक्षांची आघाडी) सरन्यायाधीशांच्या नावावर एकत्र येऊ शकतात, तर आपल्यापैकी कोणा एकावर का येऊ शकत नाहीत? शिवाय ज्या मंत्रिमंडळात पक्षांचे नेतेच नाहीत, त्याला सहमतीचे सरकार म्हणता येईल का?

जुना वाचक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नेपाळने दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. २००६ च्या राजाविरुद्धच्या जनआंदोलनानंतर आणि माओवादी बंडखोरांशी झालेल्या शांतता करारानंतर १ एप्रिल २००७ रोजी गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या मंत्रिमंडळात माओवादी सामील झाले. खाती वाटून घेतलेले ते नेहमीच्या अर्थाचे सर्वपक्षीय सरकार होते. त्याचे मुख्य काम संविधान सभेची निवडणूक घेणे हेच होते, तरीही ती जूनमधून नोव्हेंबरमध्ये आणि नोव्हेंबरमधून १० एप्रिल २००८ वर गेली. पहिल्या खेपेस कायदेच तयार नव्हते. दुसऱ्या खेपेस, सप्टेंबरमध्ये, माओवादी सरकारबाहेर पडले, कारण निवडणुकीआधीच प्रजासत्ताक घोषित व्हावे आणि मतदान पूर्णपणे प्रमाणशीर पद्धतीने (पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा) व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. डिसेंबरमध्ये २३ कलमी समझोता झाला आणि मगच ते परतले. एकत्र सरकार चालवताना बाहेर पडण्याची धमकी हेच प्रत्येकाचे हत्यार ठरते, ते असे.

२०१२ ची कोंडी याहून वेगळी होती आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. अंतरिम संविधानाने संविधान सभेची निवडणूक एकदाच गृहीत धरली होती. दुसरी घ्यायची तर संविधानात आणि निवडणुकीच्या कायद्यांत बदल हवेत, बदलांसाठी संसद हवी, आणि संसदेचे काम पाहणारी सभाच विसर्जित झालेली, म्हणजे ती पुन्हा उभी करायला आधी निवडणूक हवी. अध्यादेशाची वाट होती, पण पक्षांची सहमती असल्याशिवाय निवडणुकीचे अध्यादेश जारी करण्यास राष्ट्रपती रामवरण यादव तयार नव्हते. त्यामुळे सहमती ही केवळ शोभेची गोष्ट उरली नाही. तिच्याविना कायद्याचे चाकच फिरत नव्हते.

आता ही सहमती कोणाच्या नावावर व्हायची? नेपाळी काँग्रेस आणि एमाले म्हणत, भट्टराईंनी आधी राजीनामा द्यावा. माओवादी म्हणत, आधी सगळ्या मुद्द्यांवर एकत्र समझोता करा, मग राजीनामा. काँग्रेसने सुशील कोइरालांचे नाव पुढे केले. राष्ट्रपतींनी सहमतीचा पंतप्रधान सुचवण्यासाठी पक्षांना मुदत दिली, ती वाढवली, पुन्हा वाढवली. निवडणुकीच्या काळात गृहखाते, पोलीस आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकारी ज्याच्या हाती, त्याच्या पारड्यात मते जातील, ही भीती सर्वांना सारखीच होती. सरन्यायाधीशांवर सर्वांचे प्रेम होते असे नव्हे. ते पुढच्या निवडणुकीत कोणाचे प्रतिस्पर्धी नव्हते, एवढेच पुरेसे ठरले. मंत्रीही निवृत्त सरकारी अधिकारी घेतले गेले.

वकिली चष्मा

वरील विवेचन नेटके आहे, पण त्यात किंमत मोजलेली दिसत नाही. न्यायाधीशाला न्यायदानाव्यतिरिक्त अन्य कामाला जुंपू नये, अशी तरतूद त्याच अंतरिम संविधानात होती. ती बाजूला सारण्यासाठी राष्ट्रपतींनी अनुच्छेद १५८ चा आधार घेतला. हा अनुच्छेद अंमलबजावणीतील अडचणी दूर करण्यासाठी होता. सत्ताविभाजनाचे तत्त्वच काही महिन्यांसाठी खुंटीला टांगण्यासाठी नव्हता. रेग्मी यांना पंतप्रधान न म्हणता अंतरिम मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष म्हटले गेले, यातच सर्वांच्या मनातील संकोच दिसतो. त्यांनी सरकारची सूत्रे घेताना सरन्यायाधीशपद सोडलेही नाही. या नियुक्तीला आव्हान द्यायचे तर ते सर्वोच्च न्यायालयातच द्यायचे, म्हणजे ज्या संस्थेचे प्रमुख ते स्वतः होते तिथेच. एका निवडणुकीसाठी न्यायसंस्थेला असे पणाला लावणे मला आजही पटत नाही.

अभ्यासगटातील एक

दोघांचेही आभार. यावरून अजून एक शंका निघते. मंत्री निवृत्त अधिकारी असतील आणि प्रमुख न्यायाधीश असतील, तर रोजचे राजकीय निर्णय कोण घेत होते? आणि हे सरकार वेळेत निवडणूक घेऊ शकले, असे म्हणायचे का?

जुना वाचक

वेळेत नाही. चार पक्षांच्या ११ कलमी समझोत्यात २१ जून २०१३ ही तारीख होती. ती हुकली आणि मतदान १९ नोव्हेंबरला झाले. निर्णयांचे म्हणाल तर त्या चार पक्षांच्या नेत्यांची एक उच्चस्तरीय राजकीय समिती होती आणि अडेल तिथे तोडगा तीच काढत असे. माझ्या दृष्टीने खरे सहमतीचे सरकार ती समिती होती. त्या बैठकांना जमणाऱ्यांकडे खाती नव्हती, म्हणून खात्यांवरून भांडणही नव्हते. वकिलांचा आक्षेप मला मान्य आहे. फक्त एक नोंदवतो. २००८ मध्ये निवडून आलेल्या ५७५ पैकी २२० जागा मिळवणारे माओवादी या निवडणुकीत ८० वर आले. मतमोजणी चालू असताना त्यांनी गैरप्रकाराचे आरोप केले, पण अखेर ते सभेत बसले. भट्टराईंच्याच सरकारने निवडणूक घेतली असती, तर निकाल काहीही लागो, हरणाऱ्याने तो मानला असता का, याची मला शंका वाटते.

आंबेवाला, रत्नागिरी

मी अभ्यासक नाही, पण या निवडणुकीची एक आठवण आहे. आमच्या बागेचा राखणदार नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला. दसैं-तिहारसाठी (आपले दसरा-दिवाळी) गावी गेला की साधारण मोहोराच्या पहिल्या फवारणीआधी परत येतो. त्या वर्षी आला नाही. फोन केला तर म्हणाला, मत देऊन येतो, शिवाय बहिष्कार टाकणाऱ्या पक्षांनी वाहतूक बंद पुकारल्यामुळे गाड्याही नाहीत. मी जरा चिडलोच होतो, कारण ढगाळ हवा होती आणि तुडतुडे वाढायला वेळ लागत नाही.

महिनाअखेरीस आला तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाई होती. आपल्याकडे ती तर्जनीवर लावतात, म्हणून मी विचारले. सरकार कोणाचे, न्यायाधीश कोण, यातले तो काहीच बोलला नाही. सांगत होता ते मतदारयादीचे. आदल्या पावसाळ्यात गावी असताना नागरिकतेचा दाखला दाखवून त्याने फोटो काढून घेतला होता, बोटांचे ठसे दिले होते आणि म्हणून यादीत त्याचे नाव होते. पुण्यात एका सोसायटीत पहाऱ्यावर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाला नोंदणीच्या वेळी रजा मिळाली नव्हती, त्यामुळे त्याचे नाव लागले नाही, आणि बाहेरगावी राहून मत देण्याची सोय तर नव्हतीच. दोन मतपत्रिका मिळाल्या, एक उमेदवाराची आणि एक पक्षाची, हे त्याने मला दोनदा सांगितले. दोन्हींवर एकालाच मत दिले का, असे विचारले तर हसला आणि फवारणीचा पंप धुवायला निघून गेला.