डिग्री पूर्ण करायची की सोडायची? : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०३ काकू: विषय जरा वेगळा आहे, चालेल ना? आमचे चिरंजीव शेवटच्या वर्षाला आहेत आणि आता कॉलेज सोडायचं म्हणतायत. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करायचाय, म्हणे नोकरीची शंभर टक्के हमी. डिग्रीला हल्ली कोण विचारतं, असं त्याचं म्हणणं. घरात अबोला चाललाय. ग्रुपवर नोकऱ्या देणारेही आहेत आणि शोधणारेही, खरं काय ते सांगा.

ए-५०१ काका: अजिबात सोडू देऊ नका. आमच्या वेळी पदवी हातात पडली की नोकरी ठरलेली असायची.

सी-४०३: काका, तुमच्या शाळेच्या वर्गातले किती जण कॉलेजपर्यंत पोचले होते?

ए-५०१ काका: बोटावर मोजण्याइतके.

सी-४०३: आमचा जवळजवळ अख्खा वर्ग पोचला. मला पदवी मिळून वर्ष होत आलं, अजून ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ हेच चाललंय.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळीच पाणी भरून ठेवा. चालू द्या.

सी-१०२ ताई: काकू, मी भरतीचंच काम करते, म्हणून आतली गोष्ट सांगते. जाहिरात टाकली की ढिगाने अर्ज येतात. सगळे वाचायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून सिस्टिममध्येच चाळणी लावलेली असते. त्यात एक रकाना: पदवी पूर्ण, चालू की अपूर्ण. ‘अपूर्ण’ निवडलं की तो अर्ज माझ्या स्क्रीनवर येतच नाही. मुलगा कितीही हुशार असो, मी त्याला नाकारतही नाही, मला तो दिसलेलाच नसतो.
आणि जे अर्ज चाळणीतून खाली येतात, त्यांच्यात मी डिग्रीकडे ढुंकूनही बघत नाही, कारण ती सगळ्यांकडेच असते. तिथे मी बघते या पोराने आजवर काय करून दाखवलंय. त्यामुळे तुमचा मुलगा म्हणतो ते निम्मं बरोबर आहे, आणि काका म्हणतात तेही निम्मंच.

बी-२०३ काकू: पण मोठ्या कंपन्यांनी डिग्रीची अट काढली ना? त्याने मला तीन-चार बातम्या पाठवल्यात.

बी-६०१ सर: अट काढल्याच्या घोषणा खऱ्या आहेत. पण नंतर भरती कुणाची झाली, हेही तपासलं गेलंय. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी काढली. अट काढल्यामुळे पदवी नसलेल्याला संधी मिळाली, असं ७०० भरतींमागे एकदाही घडलेलं नव्हतं. जाहिरात बदलली, निवडणारा साहेब तोच राहिला.

सी-१०२ ताई: अगदी! साहेबाला जोखीम नको असते. पदवीधर पोरगा कामाचा नाही निघाला तर कुणी बोलत नाही. बिनडिग्रीचा निघाला की पहिला प्रश्न माझ्यावर येतो, ‘याला घेतलं कुणी?’

बी-६०१ सर: अर्थशास्त्रात यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, शिक्षणाने माणसाची कामाची कुवत वाढते म्हणून पगार वाढतो. गॅरी बेकर त्या पक्षाचे, १९९२ चे नोबेल. दुसरा विचार मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडला. मालकाला उमेदवाराच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून तो खुणेवर विसंबतो, आणि पदवी ही तशी एक खूण आहे. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. दोन्हींत तथ्य आहे. पण चिरंजीवांच्या कामाची गोष्ट वेगळीच. पदवीच्या प्रत्येक वर्षामागे मिळकत थोडी थोडी वाढते, पण पदवी पुरी होते त्या टप्प्यावर ती एकदम उडी मारते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शेवटच्या वर्षी सोडणं म्हणजे फी, वेळ, परीक्षा सगळं भरून तेवढी उडी सोडून देणं. सोडायचंच होतं तर पहिल्या वर्षी सोडलेलं परवडलं असतं.

ए-५०१ काका: म्हणजे मीच बरोबर!

बी-६०१ सर: पूर्ण नाही हो. ओईसीडी देशांत, म्हणजे बहुतांश श्रीमंत देशांच्या गटात, पदवीधराची सरासरी कमाई फक्त बारावीपर्यंतचं शिक्षण झालेल्याच्या साधारण दीडपट आहे, हे खरं. पण सरासरीच ती. २०२४ च्याच आणखी एका अमेरिकन अहवालात, पदवीनंतर वर्षभराने ५२ टक्के लोक पदवी लागतच नाही अशा कामावर होते. नर्सिंग, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, गणितवाले त्यात कमी. आणि पहिलीच नोकरी तशी धरली, तर दहा वर्षांनीही सुमारे तीन-चतुर्थांश जण तिथेच अडकलेले.

सी-४०३: सर, रात्री झोप लागायला असंच काहीतरी वाचायचं होतं.

बी-६०१ सर: बरं, मग हेही वाच. शिकताना इंटर्नशिप केलेल्यांच्या बाबतीत हा धोका जवळजवळ निम्मा होता. आणि मंदीत बाहेर पडलेल्या पदवीधरांवर कॅनडात मोठा अभ्यास झालाय. सुरुवातीला त्यांच्या पगारात नऊ टक्क्यांच्या आसपास घट दिसली, पण दहाएक वर्षांत ती भरून निघाली. कुठल्या वर्षी बाहेर पडलीस हा काही तुझा दोष नाही.

ए-३०४ दादा: आम्ही डिग्री नसलेले पण बोलू का? लिफ्ट मेंटेनन्सचं काम आहे माझं आणि मला माणसं मिळत नाहीत. इंजिनिअर पोरं येतात, मोटरचा सिद्धांत फाडफाड सांगतात. पॅनेल उघडून दिलं की मल्टिमीटर कुठे लावायचा हेच कळत नाही. माझा सगळ्यात चांगला माणूस दहावी पास. लिफ्ट अडकली की दरवाजाच्या लॉकचा कॉन्टॅक्ट आधी बघतो आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं. कमाई चांगल्या पदवीधरापेक्षा बरी.
पण खरं सांगतो, त्याला मोठ्या कंपनीत सुपरवायझर व्हायचं होतं. काम बघून सगळे खूश, फॉर्म भरताना अडलं. तिथे डिप्लोमा तरी पाहिजेच होता. आता काम सांभाळून तो करतोय, या वयात.

सी-१०२ ताई: आणि गंमत म्हणजे तो डिप्लोमा त्याला नवीन काहीच शिकवणार नाही. वशिला नसलेल्याला कागद जास्त लागतो, हे मी रोज बघते.

ए-५०१ काका: आमच्या ऑफिसात साहेबांच्या सेक्रेटरीबाई मॅट्रिक होत्या, अख्खं ऑफिस त्याच चालवायच्या.

बी-६०१ सर: अमेरिकेत नेमकं त्याच कामाबद्दल २०१४ मध्ये बघितलं होतं. तशा पदांच्या ६५ टक्के जाहिराती पदवी मागत होत्या, प्रत्यक्ष त्या खुर्चीवर बसलेल्यांपैकी १९ टक्क्यांकडेच ती होती.

बी-१०५ वकीलसाहेब: त्या हमीबद्दल कुणीच बोललं नाही. काकू, पैसे भरण्याआधी करार मागून घ्या, माहितीपत्रक नव्हे. हमी नोकरीची आहे की फक्त मुलाखतींची? नोकरी कुठल्या कामाची? टेलिकॉलिंगही ‘नोकरी’ म्हणून दाखवता येतं. हजेरी जरा कमी पडली की हमी रद्द, असं कलम आहे का? पैसे परत करायची मुदत किती? ‘आधी शिका, मग पगारातून फेडा’ असेल तर कुठल्या पगारापासून, किती वर्षं, आणि नोकरी लागलीच नाही तर काय? आणि शैक्षणिक पात्रतेची ओळ शोधा. यातले काही कोर्स हमीसाठी पदवीधरच मागतात.

बी-२०३ काकू: थांबा, त्याच्याकडून ते पान मागवते.

बी-२०३ काकू: तळाला बारीक अक्षरात आहे, ‘हमी फक्त पदवीधर उमेदवारांसाठी’.

ए-३०४ दादा: झालं की मग!

बी-२०३ काकू: कोर्सवाल्यांच्या लेखी तरी डिग्री अजून चालते म्हणायची. त्याला स्क्रीनशॉट पाठवलाय, बघू काय म्हणतो.

सी-१०२ ताई: कोर्स वाईट नाही हो काकू, संध्याकाळच्या बॅचला घाला. दोन्ही असलेला पोरगा मला लगेच लागतो. सी-४०३, तुझा रिझ्युमे पाठव गं.

सी-४०३: पाठवला ताई.

सी-१०२ ताई: ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ ही ओळ काढून टाक, सगळ्यांच्याच रिझ्युमेत असते. मामाच्या गोदामाच्या स्टॉकचं एक्सेल तू बनवलंस असं तुझी आई म्हणत होती, ते कुठाय?

सी-४०३: ते नाही लिहिलं. घरचीच मदत होती ती, पगार थोडाच होता.

सी-१०२ ताई: पगार कोण विचारतंय? आधी स्टॉक कसा लिहायचे, तू काय बदललंस, चूक कुठली थांबली, एवढं तीन ओळींत लिही आणि सगळ्यात वर टाक. कॉलेजचं नाव खाली गेलं तरी चालेल. उद्या रात्री पाठव, मी बघते.